बर्फ ‘बसला’ तेव्हा : एका नाळेचं प्रकरण

माझं काम जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं. गिरगाव, लालबाग, माटुंगा. हातात छोटी हातोडी घेऊन स्लॅबखाली फिरायचं, ठोकायचं आणि ऐकायचं. घट्ट काँक्रीट टणक वाजतं. आतली सळई गंजून फुगली, थर सुटला, की तेच डबडब वाजतं. ‘पोकळ वाजतंय’ एवढं रिपोर्टात लिहिलं की टेकू लागतात आणि भाडेकरू-मालकांची भांडणं सुरू होतात. वीस वर्षं या आवाजावर पोट आहे. त्यामुळे ३१ डिसेंबरच्या सकाळी पावणेनऊला पायाखालून जो आवाज आला तो ओळखला नाही, असं म्हणायची सोय मला नाही. ओळखला होता. बोलले नाही.

हे हिमस्खलनाचं प्रकरण लिहून काढायला आमच्या ट्रेकिंग क्लबाने सांगितलं. दादरला बुधवारच्या दोन बैठकांत ते वाचलं गेलं, त्यावर आवाजही चढले. क्लबाबाहेरच्यांसाठी थोडं आवरून लिहिते आहे. शिखराचं नाव देत नाही, कारण नाव दिलं की चर्चा त्या नाळेवर, म्हणजे डोंगरातल्या त्या उभ्या घळीवर जाते आणि ‘आम्ही तिथून गेलोच नसतो’वर संपते. उत्तरकाशी जिल्हा, साधारण ३,९०० मीटरचं शिखर, नाताळच्या सुटीत मुंबई-पुण्याची ओळखीची तोंडं हमखास भेटतात अशी वाट, एवढं पुरे. कुणी दगावलं नाही, हेही आधीच सांगते. नाहीतर तोच प्रश्न मनात धरून वाचलं जातं आणि मधलं सगळं निसटतं.

आम्ही अकरा जण. नेता म्हणजे दादा, वय ५४, सह्याद्रीत तीस वर्षं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किती वेळा केली ते त्यांनाच आठवत नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्सही त्यांनी नव्वदच्या दशकात केलेला. मी मागची, म्हणजे शेवटचा माणूस सुटत नाही ना हे बघणारी. उरलेल्या नऊ जणांत सात जण बर्फावर पहिल्यांदाच. सगळ्यांत धाकटा अंबरनाथचा, २६ वर्षांचा. सोबत स्थानिक गाइड आणि स्वयंपाकी.

नोव्हेंबरच्या शेवटी एकदा बर्फ पडला होता, मग चार आठवडे कोरडे ठणठणीत. २८ तारखेला वरच्या मुक्कामाला पोहोचलो. जागा साधारण ३,३०० मीटरवर, भूर्जाची झाडं विरळ होतात तिथे. बर्फ जेमतेम गुडघ्याएवढा. मुंबईकराने पहिल्यांदा बर्फ बघितल्यावर जे करायचं ते सगळ्यांनी केलं, गोळे करून एकमेकांना मारायला धावले. गोळा होईना. वरचा पापुद्रा फोडून ओंजळीत घेतला की जाड्या साखरेसारखा बोटांमधून सुटून जायचा. स्वयंपाकी चहासाठी पातेल्यात भरत होता तेव्हाही साखर ओतल्यासारखा सरसर आवाज. ‘सुका बर्फ आहे’ म्हणून विषय संपला.

तिथेच थांबायला हवं होतं, म्हणून इथे जरा थांबते. बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्याच्या आसपास राहतं. वर बर्फाची गोधडी, खाली जमिनीची ऊब. बाहेरची हवा मात्र रात्री उणे पंधरा. मधे अर्धा मीटर बर्फ धरला तर दर दहा सेंटिमीटरला तीन अंशांचा फरक पडतो. हा फरक साधारण एक अंशाच्या पुढे गेला की खालची वाफ सतत वर सरकत राहते, आणि कण एकमेकांना चिकटण्याऐवजी धारदार, सुटे, दाणेदार होत जातात. म्हणजे बर्फ पातळ आणि थंडी कडक असेल तर हा दाणा जास्त पिकतो. आम्ही उलट हिशेब करत होतो, बर्फ कमी म्हणजे भीती कमी. शिवाय उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर असा थर तयार झाला की आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. एखाद-दोन दिवस कळ काढून तो बरा होत नाही.

२९ च्या दुपारी पश्चिमी झंझावात आला आणि ३० च्या संध्याकाळी थांबला. ट्रेकिंग पोल खुपसून मोजलं तर नवा बर्फ ३८ सेंटिमीटर. वारा नैऋत्येचा, रात्रभर. सकाळी तंबूबाहेर आलो तेव्हा एका बाजूचं गवत उघडं पडलं होतं आणि दुसऱ्या बाजूला कमरेएवढा ढीग. धाकट्याने त्या ढिगाचा फोटो काढला. डोंगराच्या त्या अंगालाही वाऱ्याने हेच करून ठेवलं असणार, हा विचार अकरांपैकी एकाच्याही मनात आला नाही. नैऋत्येच्या उतारावरचा बर्फ उचलून ईशान्येच्या उतारावर नेऊन ठेवायचा. आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने वारा हे करतो.

मुंबईहून निघताना सगळ्यांनी फोनवर हवामान बघितलं होतं, बर्फ मिळेल ना एवढ्यापुरतं. हिमस्खलनाचा वेगळा इशारा निघतो हे दादा सोडून कुणाला माहीत नव्हतं. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधनातली सरकारी संस्था, म्हणजे पूर्वीची ‘सासे’, हिवाळ्यात काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड आणि सिक्कीमसाठी जिल्हा आणि उंची सांगून धोक्याची पातळी जाहीर करते. मुक्कामाला रेंज नव्हती, खालच्या गावात होती. तिथे आम्ही घरी व्हिडिओ कॉल केले.

३१ ची सकाळ निळीशार. आता आपला अनुभव काय सांगतो बघा. पावसाचा जोर असताना दरड येते. माळीण ३० जुलै २०१४, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, दोन्ही मुसळधार पावसात. उघडीप मिळाली की आपण सॅक पाठीला लावतो. बर्फात मात्र वादळानंतरचा पहिला निरभ्र दिवस हाच घातवार. ओझं नुकतंच चढलेलं असतं, खालचा थर ते पेलेल की नाही ठरलेलं नसतं आणि वर माणसं उत्साहाने निघालेली असतात.

शिखराकडे जाणारी नेहमीची वाट धारेवरून, म्हणजे आपल्या भाषेत दांडावरून आहे. वर्षाचा शेवटचा दिवस, दीड-दोनशे माणसं, मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे काटे, घालून एकामागे एक, दादर स्टेशनच्या पुलावर उभी असल्यासारखी. दादांनी डावीकडची नाळ हेरून ठेवली होती. सरळ खिंडीत निघते, तासभर तरी वाचतो. सह्याद्रीत वाट हवी असेल तर नाळ शोधायची, हे आमच्या हाडीमांसी आहे. कडा अंगावर येतो, नाळ वर घेऊन जाते. बर्फात नाळ म्हणजे नरसाळं. वर आणि दोन्ही अंगांना जे सुटेल ते सगळं तिच्यातच येतं, आणि तळाशी साचतं तेव्हा खोल साचतं.

गाइड म्हणाला, “साहब, धार से चलते हैं. नाले में अभी नहीं.”

दादा म्हणाले, “उधर बहुत भीड़ है. लाइन में खड़े-खड़े बच्चे ठंडे पड़ जाएँगे.”

फाटा आला तिथे तो पुन्हा बोलला. “देख लो साहब.” आम्हाला ते ‘चालेल’सारखं ऐकू आलं.

निघायला साडेसहा झाले होते, गोठलेल्या बुटांमुळे. पावणेनऊला नाळेच्या तोंडाशी जो सपाट माळ आहे तिथे पोहोचलो आणि तो आवाज आला. कसा, ते लिहिणं कठीण आहे. रिकाम्या खोलीत कापसाची गादी सपकन पडावी तसा, पण पायांना कळणारा. सगळा माळ बोटभर खाली बसला, आणि माझ्या बुटापासून एक भेग सुरू झाली, ती दहा-बारा मीटर पळत गेली. प्लास्टर सुटताना जाते तशीच, नागमोडी, कडा धारदार. दोघं-तिघं दचकले, मग हसले. दादा म्हणाले, “बसतोय. चांगलं आहे.”

मुरुमाचा भराव बसतो तेव्हा ते चांगलंच असतं. इथे बसला होता तो वरचा नवा थर, कारण खालची साखर चिरडली गेली होती. तिच्यातली हवा बाहेर ढकलली गेली, त्याचा तो आवाज. माळ सपाट, म्हणून थर जागीच राहिला. उतार असता तर निघाला असता. डोंगर याहून स्पष्ट बोलत नाही. हा आवाज आणि पळती भेग, दोन्ही मिळाल्यावर मागे फिरायला तिसरं कारण लागू नये.

मी का बोलले नाही, हे बैठकीत तीन जणांनी तीन प्रकारे विचारलं. खरं उत्तर असं. मला वाटलं, हे माझ्या कामातलं इथे कशाला आणू. मी बर्फातली नाही, दादा आहेत. आणि समोर नाळेत तिघांची ताजी पावलं वर गेलेली दिसत होती. सह्याद्रीत पाऊलखूण दिसली की जीव भांड्यात पडतो, माणूस गेलाय म्हणजे वाट आहे. त्या तिघांचं वजन जिथे पडलं तिथे बर्फ जाड होता, एवढंच त्या पावलांना ठाऊक होतं.

नाळेत आम्ही एकमेकांना चिकटून चढलो. हीही आपलीच शिस्त. वरच्याच्या पायाखालचा दगड निसटला तर वेग घ्यायच्या आत खालच्याला अडवता यावा, म्हणून नाळेत अंतर ठेवायचं नाही. हिमस्खलनाच्या उतारावर एका वेळी एकाने जायचं आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून बघत राहायचं, म्हणजे गाडला गेलाच तर एकच जण गाडला जातो आणि काढायला माणसं उरतात. आम्ही अर्धी नाळ चढलो तेव्हा उतारावर सात जण होते, मी तळाशी तिघांबरोबर. गाइड आणखी मागे, माळाच्या कडेला खाली बसून गेटरची, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून पायावर चढवतात त्या आवरणाची, पट्टी बांधत होता.

९ वाजून २४ मिनिटं, ही वेळ एकीच्या मोबाइलवरच्या व्हिडिओतली. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाचा तोल गेला आणि तो आधाराला उजवीकडच्या खडकाकडे सरकला. खडक धर, हे आपण नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतो. खडकाशेजारी बर्फ पातळ असतो, आणि पातळ जागी माणसाचं वजन थेट खालच्या साखरेपर्यंत पोहोचतं. त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. वर तीस-पस्तीस मीटरवर एक रेघ उमटली, आडवी, चाकूने वडीची कड कापावी तशी. मग सगळी नाळ एकदम चालू लागली. आधी एकसंध आणि मग ठोकळे ठोकळे होऊन.

घरी येऊन मी हिशेब केला, कामाची सवय. रुंदी ४० मीटर, लांबी ५०, तुटलेल्या कडेची जाडी अर्धा मीटर, म्हणजे १,००० घनमीटर. वाऱ्याने दाबलेला नवा बर्फ घनमीटरला २०० किलो धरला तर २०० टन. बारा-तेरा भरलेले डंपर. हिमस्खलनांच्या मापात हे लहानच.

चौघं कडेला फेकले गेले, खरचटण्यावर निभावलं. दादा कमरेपर्यंत रुतले. एक जण पन्नासेक मीटर वाहत जाऊन छातीपर्यंत. धाकटा दिसेना.

आमच्याकडे शोधयंत्र नव्हतं. ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारा ट्रान्सीव्हर प्रत्येकाच्या अंगावर, टोचून बघायची घडीची लांब सळई आणि फावडं, या तीन वस्तू जगभर बर्फात जाणारे बरोबर ठेवतात. आमच्याकडे संडासाच्या तंबूसाठी आणलेलं एक फावडं होतं. मी खाली धावले आणि ओरडत राहिले. निळा हातमोजा गाइडने पाहिला, मी नाही. तो माझ्याआधी तिथे पोहोचला होता, फावड्यासह.

सैल बर्फ उपसणं म्हणजे काही सेकंदांचं काम असं वाटतं. वाहताना तो घासला जातो, थांबला की लगेच आळून येतो, ओलं काँक्रीट धरावं तसा. धाकटा नंतर म्हणाला, बोट हलत नव्हतं. गाइड वरून खणत नव्हता, उताराच्या खालच्या अंगाने आडवा शिरत होता, म्हणजे उपसलेला बर्फ पुन्हा खड्ड्यात पडत नाही. आम्ही ताटल्यांनी तो मागे ढकलत होतो. तोंड मोकळं झालं तेव्हा व्हिडिओत ९:३३. नऊ मिनिटं. डोकं दीड-दोन फूटच खाली होतं. युरोपातल्या जुन्या नोंदी सांगतात की पूर्ण गाडल्या गेलेल्यांना पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर दहातले नऊ जगतात. पस्तिसाव्या मिनिटाला ते प्रमाण दहात तिघांवर येतं. तो हातमोजा आत असता तर आम्ही पस्तीस मिनिटांत त्याला शोधला असता, असं मला वाटत नाही.

त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं, अंग गार पडलं, दोन दिवसांनी रस्त्याला लागलो. परतीचा प्रवास सोडून देते.

दादरच्या पहिल्या बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, नशीब वाईट होतं, बाकी नियोजन चोख. दुसरे म्हणाले, हिमस्खलन मोठ्या शिखरांवर होतं, तुम्ही तर पर्यटकांच्या डोंगरावर होतात. त्यांना दोन तारखा सांगितल्या. ४ ऑक्टोबर २०२२, उत्तरकाशीतलं द्रौपदी का डांडा शिखर : नेहरू गिर्यारोहण संस्थेचेच प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी, २९ जीव गेले. ४ एप्रिल २०२३, सिक्कीममध्ये नथुलाचा रस्ता : गाडीतून उतरून बर्फ बघायला गेलेले सात पर्यटक. शिक्षण होतं तिथेही झालं आणि डांबरी रस्त्याशेजारीही झालं.

दुसऱ्या बैठकीला मी घरून परात, साबुदाणा आणि न कापलेली नारळाची वडी नेली. परातीत साबुदाण्याचा थर, त्यावर थापलेली वडी. परात हळूहळू तिरपी करायची, फोनवर कोन बघत. वडी बराच वेळ हलत नाही. मग एका क्षणी वरच्या कडेला चीर पडते आणि अख्खी वडी एकदम निसटते. ‘पुन्हा कर’ म्हणून चार वेळा करायला लावलं, आणि शेवटी वडी खाल्ली गेली, साबुदाण्यासकट.

पण सभा गप्प झाली ती जिन्यामुळे. फोन घेऊन मी सगळ्यांना हॉलच्या जिन्याशी नेलं आणि कठड्यावर ठेवला. ३२ अंश. थराचं स्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतं. आमची नाळ, उतरताना खालून मोजली ती, ३६. आपल्या मते खडा उतार म्हणजे कोकणकडा. कड्यावर बर्फ टिकतच नाही, पडेल तसा झडतो. साचतो तो जिन्याएवढ्या उतारावर, ज्याकडे आपण चढण म्हणूनही बघत नाही.

ठराव झाले. बर्फाच्या मोहिमेला तिन्ही वस्तू सक्तीच्या. ट्रान्सीव्हरची किंमत ऐकून खजिनदारांनी चष्मा काढून पुसला. डीजीआरईचा इशारा रोज बघायचा, रेंज नसेल तर खाली कुणी तरी बघून उपग्रह संदेशावर कळवायचा, आणि तो जिल्ह्याचा असतो, समोरच्या उताराचा नसतो, हे लक्षात ठेवून. ‘नेता किमान दहा वर्षांचा अनुभवी हवा’ हाही एक ठराव झाला. त्याला मी विरोध नोंदवला. दादांचा अनुभव तीस वर्षांचा होता, आणि नाळ, खडक, पाऊलखूण, उघडीप, प्रत्येक ठिकाणी त्यांना चुकीचं सांगितलं ते त्या अनुभवानेच. माझ्या बाजूने एकच हात वर झाला. तो दादांचा.

मार्चमध्ये मी गाइडला फोन केला. अहवाल पुरा करायचा होता आणि एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. विचारलं, भैया, तुम्ही दोनदा सांगितलंत, तिसऱ्यांदा जरा जोरात का नाही सांगितलं? पैसे देणाऱ्याशी वाद नको म्हणून?

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दीदी, बोला तो था. मैं रुक गया था ना.”

मी म्हटलं, तुम्ही तर गेटर बांधत होतात.

“गेटर तो सुबह का बँधा हुआ था.”